गाडी माझी, वाफ माझी?

माजिवड्याच्या सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली येते आणि वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, गोडसर वासाचा पांढरा ढग थेट आपल्या रिक्षात. ‘धूर नाही, वाफ आहे, गाडीही स्वतःची, कसला गुन्हा?’ हे ठाणे शहरात कायम ऐकू येतं. चालवताना वेप ओढू नये असं वेगळं कलम नाही, इतकंच खरं. पण २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, वाहतूक, साठा सगळंच बंद केलंय, निकोटिन नसलं तरी. विकणाऱ्याला पहिल्याच वेळी वर्षभरापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हातातलं ते यंत्र आलं कुठून, हाच पहिला प्रश्न! त्यात ढगाआडून लेन चुकली, तर मोटार वाहन कायद्यातलं धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागू शकतं.