प्रोलिल-४-हायड्रॉक्सिलेज वापरण्याआधी : फेरस ताजं करा

‘सर, एन्झाइम मेलेलंच आलंय.’ असा आमच्याकडून हे एन्झाइम घेणाऱ्याचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : फेरस सल्फेट कधी विरघळवलं? बहुतेकदा उत्तर येतं, ‘मागच्या आठवड्यात. फ्रिजमध्येच आहे.’

घोळ तिथेच आहे. कोलॅजेनच्या साखळीत ग्लायसिनच्या लगेच आधी असलेल्या प्रोलिनला हे एन्झाइम हायड्रॉक्सिल गट जोडतं. तो नसेल तर कोलॅजेनचा तिपेडी गोफ 24 अंशांच्या आसपासच उलगडतो, अंगाच्या तापमानाला टिकत नाही. या कामाच्या जागी दोन हिस्टिडिन आणि एक ॲस्पार्टेट मिळून लोहाचा एक अणू धरतात, आणि तो फेरसच लागतो. फेरस आणि फेरिक ही लोहाचीच दोन रूपं; पाण्यात विरघळलेलं फेरस हवेने हळूहळू फेरिक होतं. फेरिक झाला की काम बंद. ॲस्कॉर्बेट त्याला पुन्हा फेरसवर आणतं (ॲस्कॉर्बेट म्हणजेच क जीवनसत्त्व; ते मिळालं नाही की स्कर्व्ही होतो तो यामुळेच), पण पिवळ्या पडलेल्या जुन्या द्रावणाची भरपाई त्याच्यावर सोपवू नका.

म्हणून आम्ही फेरस मीठ कोरडं, वेगळ्या व्हायलमध्ये देतो. ‘तयार द्रावण का देत नाही?’ असं विचारतात. दिलं असतं तर तुमच्यापर्यंत पोचेतो निकामी झालं असतं. बाकी सगळं मिश्रण बर्फावर तयार ठेवा, मग फेरस थंड पाण्यात विरघळवा, 50 मायक्रोमोलर होईल इतकं घाला आणि उरलेलं सरळ फेका. बफर ट्रिसचा, पीएच 7.8. ईडीटीए नको, ते लोह ओढून घेतं. फॉस्फेटही नको.

डीटीटी (प्रथिनांतले डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) सवयीने ओतू नका. या एन्झाइममध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा असे चार भाग असतात आणि बीटा म्हणजे प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज. डीटीटी जास्त झालं की चौघे सुटे होतात. एकटा अल्फा बीटाशिवाय विरघळलेला राहत नाही, गोळा होऊन बसतो. स्वस्तात नुसता अल्फा आम्ही विकत नाही त्याचं कारण हेच. चारही भाग एकत्र बनवायला खर्च येतो, तो किमतीत दिसतो.

सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) म्हणून बाजारातलं जिलेटिन घेऊ नका, त्यातली प्रोलिनं आधीच हायड्रॉक्सिलेट झालेली असतात. प्रोलिन-प्रोलिन-ग्लायसिन दहा वेळा असलेला पेप्टाइड आमच्याकडे मिळतो. पहिल्या ऑर्डरसोबत चाचणीपुरता पाठवतो.

एवढं करूनही काम झालं नाही, तर बॅच क्रमांक आणि फेरस विरघळवल्याची वेळ कळवा. त्याच बॅचची राखून ठेवलेली ट्यूब आमच्याकडे तपासू आणि दोष आमचा निघाला तर बदलून देऊ.