शेतातला जुना शर्ट आणि ख्रिश्चन समाजवाद: दोन्ही एकच का?

गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या राय गावात 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतो. भाताची पहिली कणसं पाद्री स्वतः विळ्याने कापतो, बँड वाजतो, मग ती कणसं चर्चमधे आणि तिथून लोकांच्या घरी जातात. आम्हा हिंदूंकडे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) वेळी नवें, म्हणजे नव्या धान्याची पूजा, करतात तसंच साधारण, फक्त देव वेगळा. एका वर्षी पुण्याची एक मैत्रीण मुद्दाम हे बघायला आली होती. आदल्या दिवशी तिने आमच्या शेजारच्या आंटीला शेतात तण काढताना बघितलं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कॉलर फाटलेली, कमरेला फडकं, डोक्यावर टॉवेल. मैत्रीण एकदम भारावली. म्हणाली, किती साधी राहतात गं ही माणसं, आणि तुमच्याकडे गावची जमीनपण सगळ्यांची सामायिक होती ना, हाच तो ख्रिश्चन समाजवाद!

दुसऱ्या दिवशी तीच आंटी फेस्ताला आली ती लेस लावलेल्या नव्या ड्रेसात, हिलवाले सँडल, गळ्यात सोनं, लिपस्टिक. मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर हा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून लिहितेय. शेतकऱ्याचं साधं राहणं आणि ख्रिश्चन समाजवाद, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली कामगारांच्या मजुरीची आणि मालकीची चळवळ, या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात, दोन्हीकडे जाडेभरडे कपडे, दोन्हीकडे श्रीमंती मिरवण्याबद्दल नाक मुरडणं, दोन्हीकडे बायबल. पण कपड्याकडे बघून एकजण विचारतो "हे घालून चिखलात वाकता येईल का" आणि दुसरा विचारतो "हे शिवणाऱ्याला किती मिळाले". दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत हे.

आधी शेतातलं घेऊ, कारण ते मला जास्त माहितीय. शेतात कपडा हे अवजार असतं, कोयत्यासारखं. जुनी कुणबी साडी बघा, लाल चौकड्यांची, जाड सुती, आखूड नेसायची, ब्लाऊज नाही, आणि खांद्यावर गाठ मारायची, तिला देंठली म्हणतात. ती गाठ कुणी सौंदर्य म्हणून काढलेली नाही, भात लावताना बाई तासनतास वाकलेली असते, पदर सुटून चिखलात पडला तर काम थांबतं, म्हणून पदर खांद्याला बांधून टाकला, दोन्ही हात मोकळे. यात त्याग नाही, तत्त्व नाही, काम सोपं करायचं एवढंच. आणि म्हणूनच बाजारात स्वस्तातली सिंथेटिक साडी आली, पटकन वाळणारी, तेव्हा बायांनी जुनं सुती कापड फारसं न रडता सोडून दिलं. मग 2010 च्या सुमाराला कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स या फॅशन डिझायनरने तीच साडी नव्याने विणून घेऊन थेट रॅम्पवर आणली आणि शहरातल्या बायका ती हौसेने घ्यायला लागल्या. मला याचं कौतुकच आहे, नाहीतर ते विणकाम मातीतच गेलं असतं, पण जिने ती साडी शेतात नेसली होती तिच्या सुनेला आज ती परवडेल का हा प्रश्न राहतोच.

दुसरं म्हणजे शेतातला साधेपणा रोजचा नसतो, त्याला कॅलेंडर असतं. शेतांत कोण पळयता, असं आंटी म्हणते, फेस्ताक मात नवें जाय (शेतात कोण बघतंय, फेस्ताला मात्र नवं हवं). भात विकून पैसे आले किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवले की पहिला खर्च कपड्याचा, लग्नाला सूट, फेस्ताला ड्रेस. शेतकऱ्याला फॅशन नको असते हा शहरी गैरसमज आहे, त्याला ती साठवून वापरायची असते, जसं बियाणं साठवतात. उलट रोज इस्त्रीचे कपडे घालून गावात हिंडणाऱ्याकडे गाव जरा संशयानेच बघतं, हा काम कधी करतो म्हणून. आणि गोव्यात कपडा कधी नुसता कपडा नव्हताच, 1736 मधे इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून ख्रिश्चन पुरुषांना पुडवें (धोतर) आणि बायकांना चोळी वापरायला बंदी केली होती. म्हणजे कोण काय नेसतो यावरून तो कुणाचा हे ठरायचं. अशा ठिकाणी रविवारचे चांगले कपडे म्हणजे नुसता नखरा कसा असेल, ती आपली पत असते.

आता ख्रिश्चन समाजवाद. गंमत अशी की तो जन्मला शेतात नाही तर लंडनच्या शिंप्यांच्या खोल्यांत, आणि पाळण्यात असतानाच कपड्यांवरून भांडायला लागला. 1848 मधे इंग्लंडात मतदानाच्या हक्कासाठी चार्टिस्ट कामगारांनी मोठं आंदोलन केलं, ते फसलं, तेव्हा एफ. डी. मॉरिस हा पाद्री, जॉन लुडलो हा वकील आणि चार्ल्स किंग्जली हा खेडेगावातला पाद्री असे तिघं एकत्र आले आणि स्वतःला ख्रिश्चन सोशलिस्ट म्हणवून घ्यायला लागले. गोव्यातल्यासारखे कॅथलिक नव्हेत बरं का, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या स्वतःच्या चर्चचे. 1850 मधे किंग्जलीने स्वस्त कपड्यांवर एक जळजळीत पॅम्फलेट लिहिलं. मुद्दा असा की दुकानात कोट स्वस्त मिळतो कारण मधला ठेकेदार शिंप्याला कोंदट खोलीत कोंबून अठरा अठरा तास राबवतो, आणि शिंप्याकडे पांघरूण नसलं की तोच अर्धा शिवलेला कोट तो आजारी पोरावर टाकतो, म्हणजे तापाची साथ कोटाबरोबर गिऱ्हाईकाच्या घरी पोचते. हे वाचून शहारा येतो, आज सेलमधले टीशर्ट घेताना तर जास्तच.

नुसतं लिहून थांबले नाहीत ते, त्याच वर्षी त्यांनी लंडनमधे शिंप्यांची सहकारी संस्था काढली, मालक नाही, नफा कामगारांत वाटायचा. अशा बऱ्याच संस्था पुढे बुडाल्या, पण सहकारी संस्थांना कायद्याचा आधार देणारा 1852 चा ब्रिटिश कायदा व्हायला या लोकांची खटपट कारणी लागली. म्हणजे ख्रिश्चन समाजवाद "साधं राहा" असं सांगत नाही. चांगला कोट घाला की, पण शिवणाऱ्याला त्याचं पोट भरेल एवढं द्या, आणि जमलं तर दुकानच त्याच्या मालकीचं करा, असं तो सांगतो. शेतकऱ्याच्या साधेपणात हा मालकीचा प्रश्न नसतो, म्हणजे असला तरी तो जमिनीचा असतो, शर्टाचा नसतो.

मैत्रिणीचा दुसरा मुद्दा जमिनीचाच होता, म्हणजे गावकरी, गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, पोर्तुगीज भाषेत कोमुनिदाद. तर ती पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची आहे, त्यांनी 1526 च्या फोरालमधे (सनदेत) तिचे रिवाज फक्त कागदावर आणले, तेव्हा ख्रिश्चन तर ती नाहीच. समाजवादीपण नाही हो. जमीन गावाच्या संस्थेची, शेतं लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध, देऊळ किंवा चर्च सांभाळायचं आणि उरलेलं मूळ गावकारांच्या, म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांच्या, पुरुष वंशजांत जोण (वाटा) म्हणून वाटायचं. शेतात राबणारी कुणबी बाई या हिशोबात कुठेच नव्हती. कुळाला हक्क मिळाले ते गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यानंतर, 1964 चा कूळ कायदा आणि मग 1976 ची कसेल त्याची जमीनवाली दुरुस्ती, आणि हे काम विधानसभेने केलं, कुठल्या धर्माने नाही.

अजून एक छोटा घोळ मधेच सोडवून टाकते. गोव्यातले पाद्री मजुरी, पर्यावरण, गरिबांबद्दल बोलतात ते ऐकून लोक त्यालाही ख्रिश्चन समाजवाद म्हणतात, पण ती चर्चची सामाजिक शिकवण आहे, तेराव्या लिओ पोपने 1891 मधे मांडलेली, ज्यात योग्य मजुरी आणि कामगार संघटना यांना पाठिंबा आहे पण खाजगी मालमत्तेलाही आहे, समाजवादाला विरोध आहे. 1931 मधे अकराव्या पायस पोपने तर चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही असं स्पष्टच लिहिलं.

मग शेती आणि ख्रिश्चन समाजवाद कधी भेटलेच नाहीत का? भेटले, पण लांब, कॅनडात. सस्कॅचवान हा गव्हाच्या शेतकऱ्यांचा प्रांत, तिथे टॉमी डग्लस हा बॅप्टिस्ट पाद्री 1944 मधे समाजवादी पक्षाचं सरकार घेऊन मुख्यमंत्रीच झाला, आणि त्या सरकारने सुरू केलेल्या कामातून 1962 मधे तिथे सरकारी आरोग्य विमा आला. पण तिथेही मतं मिळाली ती मंदी, दुष्काळ आणि गव्हाचे पडलेले भाव यामुळे, साधे कपडे घालतात म्हणून नाही.

बायबलमधे मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात सापडतात, याकोबाच्या. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की सोन्याची अंगठी आणि झगमगीत कपडे घालून आलेल्याला पुढे बसवता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला कोपऱ्यात उभं करता, हे कसं चालेल. आणि पाचव्यात म्हणतो, तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची तुम्ही दाबलेली मजुरी ओरडतेय. रविवारच्या कॅथलिक मिसामधे (प्रार्थनेत) हे दोन्ही भाग दर तीन वर्षांनी सप्टेंबरच्या आसपास वाचले जातात, म्हणजे नव्या भाताच्या फेस्तानंतर महिना दोन महिन्यात.

आंटीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. पहिला भाग तिला पाठ होता, कारण लहानपणी चर्चमधे मागच्या बाकावर बसायचं दुःख तिला माहीत होतं. दुसरा सांगितला तेव्हा मात्र गप्प झाली, मग म्हणाली, अगो, फेस्ताच्या ड्रेसाची शिलाई त्या दर्जी बायला अजून द्यायची आहे, चवथीपर्यंत थांब म्हणून सांगितलंय मी तिला. आणि उठून आत पैसे बघायला गेली.