पॉलिस्टरची नळी आणि पोटातला पू

सोलापुरात अजूनही पोट दुखलं की ‘बेंबी सरकली’ म्हणून चोळून घेणारे भेटतात. बेंबीवर बोटं ठेवून ठोका चाचपायचा आणि दाबून-चोळून तो ‘जागेवर’ आणायचा. पण तो ठोका बेंबीचा नसतोच. मणक्याला लागून खाली येणारी महाधमनी बेंबीच्या आसपास दुभंगते, तिचा तो ठोका. बारीक माणसाला तो सहज लागतो. साठीपुढच्या, वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्या माणसाच्या पोटात मात्र उडणारा गोळा हाताला लागला, तर चोळणाऱ्याचा हात धरा आणि सोनोग्राफी करा.

साधारण 2 सेंटिमीटर रुंदीची ही महाधमनी फुगून 3 सेंटिमीटर झाली की त्याला एन्युरिझम, म्हणजे धमनीचा फुगा, म्हणतात. पुरुषांत 5.5 सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रिया सुचवतात, कारण व्यास वाढला की तेवढ्याच रक्तदाबाला भिंतीवर जास्त ताण येतो. मग तिथे डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरची नळी शिवतात. 1950 च्या दशकात अमेरिकी सर्जन मायकेल डेबेकी यांनी अशा सुरुवातीच्या नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या! काही नळ्यांना तर आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलसारखे बारीक फासे असतात, शरीरातल्या पेशी त्यांत रुजाव्यात म्हणून.

पण तिथे जिवाणूही रुजतात. ॲपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला असताना ही नळी बसवली, तर जिवाणू धाग्याला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या लांब रेणूंचा बुळबुळीत थर सोडतात. हीच बायोफिल्म. कोऱ्या धाग्यात रक्तवाहिन्या नसल्याने पांढऱ्या पेशी धड पोचत नाहीत. थराच्या तळाशी अन्न आणि ऑक्सिजन कमी, म्हणून तिथले जिवाणू वाढ जवळजवळ थांबवतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पेशीभित्तिका बांधण्यात अडथळा आणतात. जो बांधतच नाही त्याचं ती काय बिघडवणार? औषध थांबलं की संसर्ग परत. टाक्यांजवळची धमनी कुजली, तर जीवघेणा रक्तस्राव.

म्हणून फुगा फुटायच्या बेतात नसेल तर आधी पू काढतात, धमनीची शस्त्रक्रिया नंतर. घाईच असेल तर जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, आत सरकवता येतो. पोट उघडावं लागत नाही, पण रक्तातून जिवाणू पोचण्याची भीती उरतेच.

धमनीची भिंतच संसर्गाने पोखरली असेल (टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेला हा जिवाणू यात कुप्रसिद्ध) तर फार थांबता येत नाही. कुजका भाग कापून काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून नवी वाट काढतात, किंवा रुग्णाच्याच मांडीतली खोल शीर त्या जागी शिवतात. कधी पॉलिस्टरचीच नळी रिफाम्पिसिनमध्ये, होय, टीबीच्याच त्या लाल औषधात, भिजवून बसवतात आणि तिच्याभोवती पोटातला चरबीचा पडदा गुंडाळतात. त्या पडद्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात.