एच-निर्देशांक (जैववैद्यकीय संशोधन)

एच-निर्देशांक : संशोधकाने किती शोधनिबंध लिहिले आणि इतरांनी आपल्या लेखनात त्यांचे किती संदर्भ दिले, हे दोन्ही एकाच अंकात सांगणारे माप. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ते २००५ मध्ये मांडले. जैववैद्यकात नेमणूक, बढती व अनुदान यांच्या अर्जांत आज ते सर्रास विचारले जाते.

ते काढायला कागद-पेन्सिल पुरते. शोधनिबंध सायटेशनच्या (इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या) उतरत्या क्रमाने मांडून त्यांना १ पासून क्रमांक द्यायचे. ज्या शेवटच्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त भरतात, तो निर्देशांक. समजा, सात निबंधांची सायटेशन ९०, ४१, १८, ९, ६, ५, २ अशी आहेत. पाचव्याला ६ आहेत म्हणून तो बसतो. सहाव्याला ५ च आहेत म्हणून बसत नाही. निर्देशांक ५. पहिल्या निबंधाची ९० ची ९०० झाली तरी तो ५ च राहतो. एकाच गाजलेल्या कामाने आकडा फुगत नाही हा त्याचा गुण, पण खरोखर युगप्रवर्तक काम त्यात झाकले जाते हा मोठा दोष. गूगल स्कॉलर या विद्वत्लेखन शोधयंत्राचा आय-१० त्याहून सोपा: दहा किंवा अधिक सायटेशन मिळालेले निबंध मोजायचे. वरच्या यादीत ते तीन.

चुका बहुधा गणितात नसतात, यादीत असतात. एकाच आडनावाच्या आणि आद्याक्षरांच्या अनेक व्यक्तींचे निबंध एका खात्यात जमा होतात. उलट, आडनाव बदलले किंवा संस्था बदलली की एकाच व्यक्तीची दोन खाती पडतात. अशा दोन खात्यांच्या निर्देशांकांची बेरीज करणे सपशेल चूक आहे. निबंध एकत्र करून क्रम पुन्हा लावावा लागतो. यासाठी २०१२ पासून मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतंत्र ओळख) प्रत्येक हस्तलिखितासोबत द्यावा. प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधी जाहीर केलेला मसुदा) आणि छापील आवृत्ती वेगळ्या नोंदल्या गेल्या तर सायटेशन विभागली जातात, तेव्हा त्या नोंदी जोडून घ्याव्यात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके, प्रीप्रिंट असे सगळेच धरते, म्हणून तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांच्या संदर्भसूचींपेक्षा सहसा मोठा दिसतो. कोणत्या स्रोतातून, कोणत्या तारखेला घेतला हे न लिहिलेला निर्देशांक तुलनेला निरुपयोगी ठरतो.

जैववैद्यकात लेखकांचा क्रमही वाचावा लागतो. बहुतेक काम करणारा पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा, असा रिवाज आहे. एच-निर्देशांकाला हे दिसत नाही. मोठ्या रुग्णचाचणीच्या शेकडो लेखकांपैकी प्रत्येकाला पूर्ण श्रेय मिळते. आढावा-लेख आणि पद्धतीवरचे निबंध मूळ शोधापेक्षा जास्त उद्धृत होतात. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील लाउरी व सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाची सायटेशन तीन लाखांवर गेली आहेत. शिवाय एकाच स्रोतात हा अंक काळाबरोबर चढतच जातो, त्यामुळे पाच वर्षे काम केलेल्याची तीस वर्षे काम केलेल्याशी तुलना अन्यायाचीच. विषयानुसार तुलना हवी असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे सापेक्ष उद्धरण-गुणोत्तर पाहावे. ते निबंधासोबत उद्धृत होणाऱ्या इतर निबंधांवरून त्याचे क्षेत्र ठरवते, १.० म्हणजे त्या संस्थेच्या अनुदानातून झालेल्या निबंधांची मध्यम पातळी.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र व्यक्तीला लावू नये. मागील दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढेच ते माप. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या स्फटिकशास्त्राच्या नियतकालिकाचा हा आकडा २००९ साली सुमारे २ वरून ४९.९ वर गेला, तो मुख्यतः शेल्एक्स या संगणक-प्रणालीवरील एकाच निबंधामुळे. इतर लेखकांचे काम होते तसेच होते. व्यक्तीच्या मूल्यमापनात हे माप वापरू नये, असे संशोधन-मूल्यमापनावरील सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले.

सायटेशनची गणना समर्थन आणि खंडन यांत फरक करत नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याचा उल्लेख होतच राहिला. म्हणून प्रकाशनसूची तपासताना मागे घेतलेले निबंध आधी वेगळे काढावेत आणि मगच क्रम लावावा.