डोळे मिटले की पाय कुठे असतात?

परवा एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता. मज्जारज्जूला इजा झालेला तरुण वॉकर धरून दहा पावलं चालतो, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात, आणि खाली शेकडो लोकांनी लिहिलंय, 'बरा झाला!' त्याच्या जिद्दीचं मलाही मनापासून कौतुक आहे. पण चालायला लागला म्हणजे धोका संपला, हा समज चुकीचा आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार मज्जारज्जूची इजा असलेल्यांपैकी व्हीलचेअर वापरणारे ६९ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. चालू शकणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ७८ टक्के आहे.

पायांत ताकद कमी म्हणून पडतात, हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर कुणालातरी शेजारी उभं करा, पावलं जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. घोटे सतत बारीक हलताना जाणवतील. शरीर जरा पुढे कललं की पोटरीचा स्नायू ताणला जातो, आणि त्याच्या तंतूंमध्ये बसवलेले सूक्ष्म संवेदक, मसल स्पिंडल, लगेच वर्दी देतात. ही वर्दी नेणारे चेतातंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत, सेकंदाला ८० ते १२० मीटर.

मला यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते ती पुढची. पायाच्या अंगठ्याची स्थिती कळवणारी प्रत्येक पेशी हे सगळं अंतर एकटीच कापते. तिचा तंतू अंगठ्यापासून निघतो, कमरेपाशी मज्जारज्जूत शिरतो आणि त्याच्या मागच्या बाजूने थेट मेंदूच्या देठापर्यंत जातो. वाटेत मेंदूकडची बातमी दुसऱ्या पेशीच्या हाती द्यावी लागत नाही. उंच माणसात हा तंतू दीड मीटरच्या घरात जातो.

हाच तंतू मध्ये तुटला तर पाय कुठे आहे हे मेंदूला फक्त डोळ्यांकडून कळतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी मज्जारज्जूच्या एका आजारात रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतो, हे नोंदवलं. ती तपासणी आजही त्यांच्याच नावाने होते. असा माणूस बेसिनपाशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटतो आणि तोल जातो. अंधारात उठला, तरी तेच. डोळ्यांवर भागवायचं म्हटलं तरी ते मंद पडतात: घोट्याच्या खबरीवरून तोल सावरणारी हालचाल साधारण दशांश सेकंदात सुरू होते, नजरेवरून सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि त्याच तंतूची दुसरी बाजू बघा. त्याला मज्जारज्जूत शिरताच फाटे फुटतात आणि एक फाटा तिथल्याच स्नायू हलवणाऱ्या पेशीला भिडतो. इजा त्याच्या वर असेल, तर ही खालची जोडणी शाबूत राहते. तिला आवर घालणारे मेंदूचे संदेश मात्र येत नाहीत. म्हणून पाऊल फूटरेस्टवर टेकवलं की टाच सेकंदाला पाच-सहा वेळा थडथडते. चालताना पोटरी आखडली, तर चवडा जमिनीला घासून अडकतो. मेंदूपर्यंत न पोहोचणारी बातमी खालच्या खाली इतका गोंधळ घालते!

'नस मोकळी करून देतो' म्हणणारे आणि चेतापेशी परत जोडून देण्याची जाहिरात करणारे, दोघांपासून दूर राहा. बधिर पायाला गरम शेक देणं तर घातकच. चटका बसलेला कळत नाही.

व्हीलचेअरवरचं पडणं वेगळं. पुढचं छोटं चाक फटीत अडकतं, खुर्ची थांबते, धड पुढे जातं. पोटा-पाठीचे स्नायू साथ देत नसतील, तर ते मागे खेचायला काहीच नसतं. खुर्चीतून पलंगावर सरकताना ब्रेक लावायचा राहिला, तरी हेच होतं.

पडणं इथे जास्त महाग पडतं, कारण भार न पेलणारी हाडं ठिसूळ होतात, सर्वाधिक गुडघ्याच्या आसपास. अगदी किरकोळ धडकेनेही मांडीचं हाड मोडू शकतं आणि वेदना होतेच असं नाही. त्यामुळे पडल्यानंतर गुडघा सुजला, गरम लागला किंवा पाय नेहमीपेक्षा जास्त आखडायला लागला, तर 'दुखत नाही ना' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा.