एक्सल बूट बदलणे

एक्सल बूट बदलणे : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारगाडीत गिअरपेटीतून चाकाकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे एक्सलच्या, दोन्ही टोकांना असलेल्या सांध्यांवरचे घडीदार रबरी आवरण चिरले किंवा फाटले असता ते काढून नवे बसविण्याचे काम. गॅरेजात या आवरणाला ‘बूट’ आणि सांध्याला ‘जॉइंट’ म्हणतात. एका गाडीत दोन एक्सल आणि चार बूट असतात. विदर्भातील खेड्यांत सर्रास दिसणाऱ्या मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या गाड्यांना हे काम लागू पडते. बोलेरो मागच्या चाकांवर चालते. तिच्या लांब दांड्याला ‘क्रॉस’, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यावर फिरणारे सांधे, असतात व त्यांची देखभाल निराळी.

पुढचे चाक फिरते, वळते आणि खड्ड्यागणिक वरखालीही होते. क्रॉसचा सांधा वाकलेला असताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-अधिक होतो व स्टिअरिंगला हिसके बसतात. फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड शेप्पा याने १९२० च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा जो सांधा रचला, त्यात गोळ्या वक्र खाचांतून सरकत नेहमी कोनाच्या मधोमध राहतात, त्यामुळे सांधा वळलेला असला तरी वेग एकसारखा राहतो. १९५९ च्या ब्रिटिश मिनीनंतर हा सांधा छोट्या गाड्यांत रुळला आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० बरोबर आपल्याकडे घरोघरी पोहोचला. चाकाकडचा सांधा बहुधा याच जातीचा असतो. गिअरपेटीकडचा मात्र बहुधा तीन रोलरांचा असून तो लांबीतही आतबाहेर सरकतो. वळताना सर्वाधिक मुरड चाकाकडच्या बुटाला पडते, म्हणून बहुतेक वेळा आधी तोच फाटतो.

सांध्याचे आयुष्य आतल्या काळ्या ग्रीसवर अवलंबून असते आणि ग्रीस बुटावर. बूट फाटला की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते आणि त्याच वाटेने पाणी व कच आत शिरते. मुरमाच्या रस्त्याची बारीक कच गोळ्यांमध्ये गेली की ती घासकागदासारखे काम करते. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, रबर कडक होते आणि घड्यांच्या तळाशी केसासारख्या चिरा पडतात. त्यानंतर पावसाळ्यात गाडी पांदणीने वावरापर्यंत नेली की काळ्या मातीचा चिखल बुटाभोवती लिंपला जातो, आणि तो वाळला की चिरा झाकून टाकतो. वावरात गाडी घातलीच, तर पऱ्हाटीची वा तुरीची कापलेली खुंटे खालून रबर फाडू शकतात. म्हणून गाडी धुतल्यावर, चाक पूर्ण वळवून, बूट बोटांनी दाबून घड्या उघडून पाहणे हीच खरी तपासणी होय. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट पाहण्याआधीच निदान झाले म्हणावे.

या कामाचा लाभ केव्हा होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. बूट फाटला आहे पण पूर्ण वळणावर ‘कट कट’ आवाज येत नाही, तोवर सांधा वाचण्याची आशा असते. आवाज सुरू झाल्यावर खाचा झिजलेल्या असतात. तेव्हा नवा बूट चढविणे म्हणजे पोचट बोंडाला फवारणी करण्यासारखे आहे. अशा वेळी सांधा किंवा पूर्ण एक्सलच बदलावा. वखर-तिफणीची डागडुजी शेतकरी मृगापूर्वी उरकतो, त्याच सुमारास हेही काम करावे. मात्र सकाळी, वारा पडलेला असताना, कारण उघड्या सांध्याजवळून एक वावटळ गेली तरी सगळी स्वच्छता वाया जाते.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच, त्याची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करून, सैल करतात. मग मागच्या चाकांना दगड लावून गाडी उचलतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. पक्के स्टँड अथवा जाड लाकडी ठोकळे हवेतच. चाक काढून, हबला खालून धरणाऱ्या आर्मचा बॉल जॉइंट (गोळीदार सांधा) सोडवून हब बाहेर ओढला की एक्सलचे टोक निघते. ते अडल्यास नट टोकाशी समपातळीत परत फिरवून त्यावर ठोकावे, नाहीतर आटे बिघडतात. गिअरपेटीकडचे टोक सब्बलीने हलके उचकटताना ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, जपावे लागते आणि आधी गिअर ऑइल काढून ठेवावे लागते. काही छोट्या गाड्यांत चाकाकडचा सांधा दांड्यावरून उतरत नाही. तेथे आतला तीन रोलरांचा सांधा खुणा करून, सर्क्लिप (सांधा जागी धरणारी कडी) काढून सोडवतात आणि दोन्ही बूट त्याच बाजूने ओवतात.

खरा वेळ सफाईला द्यावा. जुने ग्रीस चिंध्यांनी पुसून, सांधा डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन, प्रत्येक गोळी व खाच उजेडात पाहावी. खाचेत नखाला खड्डा लागला तर सांधा बाद. धुतलेला सांधा पूर्ण कोरडा झाल्यावरच बुटासोबत आलेले मोलिब्डेनमयुक्त ग्रीस, पाकिटातले सगळे, काही सांध्यात दाबून आणि उरलेले बुटात भरतात. ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमधले साधे ग्रीस येथे चालत नाही. बुटाच्या तोंडाखाली बोथट पेचकस सारून कोंडलेली हवा सोडावी, बूट आत चेपलेला किंवा पिळलेला नाही हे पाहावे आणि मगच बुटाची दोन्ही तोंडे धरणाऱ्या पट्ट्या आवळाव्यात. पट्टीऐवजी तार गुंडाळणे हा काटकसरीचा चुकीचा मार्ग आहे. तार रबर कापते. हबचा नट नवाच घ्यावा आणि त्या गाडीच्या पुस्तकातील मापाने टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावा.

चिकटवून बसणारा, उभा चिरलेला बूटही बाजारात मिळतो. त्यासाठी एक्सल काढावा लागत नाही, पण ग्रीसचा हात लागलेल्या जागी तो सांधणे अवघड असते. तालुक्यापर्यंत गाडी नेण्यापुरताच तो कामाचा. गाडी जोडल्यावर गिअर ऑइलची पातळी भरून, मोकळ्या खळ्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळणात सावकाश फिरवून आवाज ऐकतात, आणि काही दिवसांनी पट्ट्यांशी ग्रीस झिरपले आहे का ते पुन्हा पाहतात. काढलेले जुने ग्रीस बंडीच्या आसाला वंगण म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यात कच आणि पोलादाचा चुरा असल्याने ते आसालाही खाते.