पार्श्वभूमी : आशांना पगार का नाही?

आशा, म्हणजे गावोगावी घरभेटी देणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक यांचा संप झाला की बातम्या आकड्यापाशी येऊन थांबतात. मागणी किती, आश्वासन किती, जीआर निघाला की नाही. पगार न देता कामावर आधारित मोबदला द्यायचा, हे २००५ मध्ये आशा योजना आखतानाच ठरलं. ते ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आधीची एक फसलेली योजना होती.

ती म्हणजे केंद्राची सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना, २ ऑक्टोबर १९७७ ला सुरू झालेली. गावाने निवडलेला एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये. गावाने निवडायचं म्हणजे सरपंच आणि त्याच्या भोवतीच्या चार माणसांनी निवडायचं, हे सांगायला नको. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पुरुषच निवडले गेले आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार त्यांना बंदच राहिलं. ५० रुपये वर्षानुवर्षं ५०च राहिले. नोकरीत घ्या म्हणून ही माणसं संघटित झाली, कोर्टात गेली. तोवर सरकारदरबारी त्यांचा 'कार्यकर्ता'चा 'स्वयंसेवक' झालेला होता. २००२ मध्ये केंद्राने निधी थांबवला.

महाराष्ट्रात याच काळात वेगळं काही चाललं होतं. जामखेडमध्ये १९७० पासून गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित घरांतल्या, आरोग्याचं काम शिकवलं जात होतं. गडचिरोलीत नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये अशाच बायकांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देणंही त्यांच्या कामात होतं. गावातल्या बाईने इंजेक्शन द्यावं का, यावर डॉक्टरांमध्ये बरीच खडाजंगी झाली. २०११ मध्ये हे प्रारूप देशभर नेताना गृहभेटी घेतल्या, इंजेक्शन वगळलं. दोन्ही प्रयोगांत शिकवणं सतत चालू होतं, पाठीशी अनुभवी माणूस होता. दिल्लीने यातून बाई घेतली. ते पाठबळ त्या प्रमाणात आलं नाही.

आता २००५ चा निर्णय. ठरावीक रक्कम दिली की काम होत नाही आणि माणूस सरकारी नोकरीवर हक्क सांगतो, हा जुन्या योजनेतून काढलेला धडा. आशा गावाची असावी, खात्याची नव्हे, असंही म्हटलं गेलं आणि त्यात तथ्य होतं. खात्याचा माणूस झाला की तो गावाऐवजी साहेबाकडे बघतो. काम दिवसाला दोन-तीन तासांचं, आठवड्यातले चार दिवस, असं गृहीत धरलं होतं. मग जेवढं काम तेवढा मोबदला, यात गैर काय, असं कागदावर तरी वाटतं.

अडचण मोजणीत आहे. जे मोजता येतं त्यालाच दर लावता येतो. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांतल्या सहा गृहभेटींचे २५० रुपये, बाळंतपण घरी झालं असेल तर त्याच पैशांत सात. क्षयरुग्णाचा उपचार पुरा झाला की १,००० रुपये. अतिसार नियंत्रणाच्या मोहिमेत ओआरएसचं पाकीट घरी पोचवलं की पाकिटामागे १ रुपया. जुलाब लागले म्हणून नातवाचं पाणीच बंद करणाऱ्या आजीशी अर्धा तास घातलेला वाद त्याच एका रुपयात. गरोदर सुनेची मिश्री सोडवायची तर चार-सहा फेऱ्या होतात, त्यांना दरच नाही. आरोग्यशिक्षण म्हणतात ते नेमकं हेच. योजनेच्या कागदांत त्याला पहिलं स्थान आहे, मोबदल्याच्या यादीत जवळपास नाही. ज्या कामासाठी ही बाई गावात हवी होती, ते तिने स्वतःच्या वेळातून करायचं आणि पैसे रजिस्टर भरल्याचे घ्यायचे, अशी ही रचना.

शिवाय त्या दोन-तीन तासांत पुढे कुष्ठरोगाचा सर्व्हे आला, हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या, आयुष्मान कार्डं आली. २०१३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या त्रिपक्षीय (सरकार, मालक आणि कामगार यांच्या) श्रम संमेलनाने आशा, अंगणवाडी सेविका अशा योजना कर्मचाऱ्यांना श्रमिक माना आणि किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. ती पडून राहिली. २०१८ मध्ये नेहमीच्या कामांचा केंद्राचा मोबदला महिना १,००० वरून २,००० झाला.

कोविडने सगळंच उघडं पाडलं. सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायला आशाच होत्या. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिना १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तेहेतीस. जून २०२१ मध्ये राज्यात संप झाला. मे २०२२ मध्ये जागतिक पातळीवर आशांचा गौरव झाला, फोटो सगळ्यांनी शेअर केले. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या संपात ७,००० रुपये वाढीचं आश्वासन मिळालं, पण जीआर निघेना. मग ऐन थंडीत त्या आझाद मैदानात बसल्या. मार्च २०२४ मध्ये वाढ मिळाली ती ५,००० ची.

ही वाढ दर महिन्याच्या ठरावीक रकमेत आहे, कामामागच्या दरात नाही. 'ठरावीक रक्कम नको' हे तत्त्व असं हप्त्याहप्त्याने सोडलं गेलं. ते चुकलं होतं असं कोणी म्हटलं नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्रानेही आपली मासिक रक्कम २,००० वरून ३,५०० करायचं ठरवलं. कागदोपत्री आशा अजून स्वयंसेविकाच आहेत.